काठावरचे शहर

२० सप्टेंबर २००९, रविवार, सकाळी सव्वासात. गावतलावाच्या पाळीवर उभा राहून मी पाणी सोडण्याचा क्रम उलटा केला. पंचांग पावसाळ्याची गणना मृगापासून करते. त्या वर्षीच्या ऋतूची माझी गणना त्या सव्वासातपासून सुरू होते.

यंदाही उत्तरा नक्षत्र कोरडे चालले आहे. आभाळ घासलेल्या परातीसारखे स्वच्छ आहे, आणि सप्टेंबरातल्या स्वच्छ आभाळाइतके अभद्र आमच्या भागात दुसरे काही नाही. आमगावच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना धान पोटरीवर आलेला दिसतो. त्याला एक कोवळा, थोडा कच्चा वास असतो. पूर्वी मी त्या वासासाठी थांबत असे. आता सायकलचा वेग वाढवतो. लोंबी बाहेर पडण्याच्या या पंधरा दिवसांत बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पाणी उभे असावे लागते. ते नसले तर धान दुरून धानासारखाच दिसतो. हातात घेऊन चिमटीत दाबल्यावर कळते की आत काही भरलेले नाही.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर पाच वर्षांनी निवृत्त होऊन गावी आलो. गावाने मला पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष केले. पत्नी त्याआधीच गेली होती. मुलगी वनिता हिचे लग्न २००६ साली झाले आणि तिच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक घरात उरला. त्यावर साम्राज्य उभारण्याचा एक खेळ होता. निवृत्त माणसाने वेळ वाया घालवू नये, असे माझे मत होते आणि आहे. म्हणून तो खेळ मी कामासारखा शिकलो.

ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरंभी पडद्यावर काळोख असतो आणि त्यात उजेडाचा एक लहान तुकडा. तेथे आपले पहिले शहर वसवायचे. मग एका डावात एक पाऊल, एका डावात एक रस्ता, एका डावात एक नवी विद्या. आपला डाव झाला की दुसऱ्याचा. डाव संपल्याची कळ आपण दाबत नाही तोवर शतक जागचे हलत नाही. एकाच संगणकावर दोघांना आळीपाळीने खेळता येते. एकजण खेळत असताना दुसऱ्याने तोंड फिरवून बसायचे असते.

माझ्याकडे पाठ करून बसणारा तो दुसरा म्हणजे तुळशीराम, वनिताचा सासरा. पुस्तकी भाषेत व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवायाची थट्टा करणे हा परस्परांचा हक्क मानतात. आमच्या तलावाचा पाट चार किलोमीटर वाहत जाऊन जेथे संपतो, त्या खालच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, त्याचे घर आणि शेत. गुरुवारी तो बाजाराला येई, पिशवी दाराशी ठेवी आणि माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसे.

"काऊन जी इवाई," तो पाठमोराच विचारी, "दोन हजार वर्षं झाली, तुमच्या घरचा चहा नाई आला अजून."

"तुमच्या राज्यात चहाची विद्या लागायची आहे."

"आमच्या राज्यात इवाई आला तं पयले चहा देतेत, मंग लढाई."

तीन वर्षे हे चालले. वीज गेली की दोघांचीही साम्राज्ये एकदम जात. तेव्हा तो पिशवी उचलून म्हणे, "घ्या, बिजलीवाल्यानं दोघायलेबी हरवलं."

या खेळातले जे शहाणपण नवशिक्याला कोणी सांगत नाही, ते मी त्याला सांगत असे. पहिले शहर जेथे उभे आहात तेथेच वसवावे. चांगल्या जागेच्या शोधात गेलेले पाच डाव शेवटपर्यंत भरून निघत नाहीत. आरंभीचा एक डाव शेवटच्या पन्नास डावांच्या तोलाचा असतो. जंगल राखून ठेवू नये. पहिल्या काळात तोडले तर त्या लाकडावर एक नवे शहर लवकर उभे राहते, आणि ते शहर पुढे सबंध खेळभर देत राहते. मजुरांना संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. ते नको तेथे रस्ते करीत बसतात. प्रत्येक शहरात प्रत्येक इमारत बांधणे हा मोह आहे. एका शहराने धान्य पिकवावे, एकाने सैन्य द्यावे, एकाने विद्या वाढवावी. नवी विद्या लांबच्या राजाला द्यावी, शेजारच्याला देऊ नये. युद्ध एकाच सीमेवर करावे, आणि पहिले शहर जिंकण्यापूर्वी दुसरे राखता येईल का ते पाहावे.

इवाई मान डोलवी आणि यातले काहीही करीत नसे.

तो जंगल तोडत नसे. मी विचारले तेव्हा म्हणाला, "थे मोह असन तं? आपल्याले पडद्यावर काय ओरखू येते?" मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नसते, ही त्याच्या घरची रीत, ती त्याने चित्रातल्या जंगलालाही लागू केली. जेथे तळे नाही तेथे तो शहर वसवीत नसे. सैनिकाआधी कोठार बांधी. सर्वांत मोठी चूक वेगळीच होती. त्याच्या आणि माझ्या सीमेमध्ये तो नकाशावरच्या चौकोनांची एक रांग नेहमी मोकळी सोडी. मी ती जागा घेई. पुढच्या खेळात तो पुन्हा मोकळी सोडी. एकदा मी त्याला स्पष्ट विचारले की सुपीक जमीन तो अशी का टाकून देतो.

"थो धुरा होय ना जी," तो म्हणाला. "दोन बांध्यांच्या मधात धुरा नाई ठेवला तं पानी कोनाचं अना भांडन कोनाचं?"

"मी तेथे शहर वसवतो, तेव्हा?"

"धुऱ्यावर घर बांधनारा मानूस तुमी. मी काय करू?"

तो हसला. मीही हसलो असेन. त्याचे राज्य कधी झपाट्याने वाढले नाही, आणि मी आठवून पाहतो, एकदाही कोसळले नाही. तो हरत असे तो शेवटच्या मोजणीत, गुणांवर. त्याची सगळी शहरे शेवटपर्यंत नकाशावर असत.

एक धडा राहिला. या खेळात राजधानीपासून शहर जितके दूर, तितका त्याच्यावरचा खर्च अधिक. राज्य फार पसरले आणि कोठारे रिती होऊ लागली की नवखा खेळाडू सगळीकडे थोडे थोडे पुरवीत राहतो आणि सगळेच गमावतो. प्रवीण खेळाडू काठावरचे एक शहर निवडतो आणि सोडून देतो. त्याची कुमक थांबवतो, मजूर मागे घेतो, मध्य वाचवतो. त्याबद्दल वाईट वाटून घेत नाही. हे मी इवायाला किमान दहा वेळा सांगितले असेल.

"वसवलं तं वसवलं," एवढेच तो म्हणे. "सोडासाठी कोनी वसवते का?"

२००९ च्या पावसाळ्याने लवकरच हात आखडता घेतला. रोवणी उशिरा झाली. पोळा कोरडा गेला. तलावाच्या पोटातले जुने बुंधे दिसू लागले, त्यांवर बगळे बसू लागले. घट बसले त्या दिवशी मी गेटजवळची पट्टी वाचली. पाणी सगळ्यांना पुरणार नव्हते.

आमच्या तलावाची रीत कोणी लिहून ठेवलेली नाही. पाणी खालून वर येते. गेट उघडले की पहिले पाणी पाटाच्या शेवटच्या शेताला. ते भिजल्याशिवाय त्याच्या वरच्याने आपल्या बांधीचे मुख उघडायचे नाही. असे करीत शेवटी पाणी तलावाजवळच्या शेतांना मिळते. खात्यात असताना मी ही रीत अनेक गावांत पाहिली होती, आणि तिचा एक दोषही मोजला होता. कोरडा पाट स्वतःच पाणी पितो. चार किलोमीटर वाहून खालच्या टोल्यापर्यंत पोचताना बरेच पाणी मातीत जिरते. पाणी भरपूर असले तर हा दोष चालून जातो. त्या वर्षी तो चालण्यासारखा नव्हता.

हे सर्व मी रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर जमलेल्या माणसांना सांगितले नाही. आधी फक्त विचारले, "पाणी सोडायचे आहे. काय म्हणता?"

पाटाच्या तोंडाजवळच्या शेताचा मालक हरिचंद दात घासत उभा होता. काडी न काढताच तो बोलला. "म्हनाचं काय साहेब, खालून वर. लेकीच्या घरी पयले पानी. नवरात्र हाय, आंदन समजून देऊन टाका."

चार माणसे हसली. वनिताचे शेत खालच्या टोल्यावर, पाटाच्या अगदी शेवटी. रीत पाळली असती तर पहिले पाणी माझ्या मुलीच्या घरी जाणार होते. छत्तीस वर्षे नोकरीत माझ्यावर कोणी असे बोट ठेवले नव्हते. मी खिशातून कागद काढला आणि पाट किती पाणी पितो ते वाचून दाखवले. पाणी थोडे असताना ते जवळच्या शेतांना आधी देणे शहाणपणाचे आहे असे सांगितले. वरून खाली. दोन तृतीयांश क्षेत्र नक्की वाचेल, उरले तर पुढे जाईल. हा माझाच आवाज होता, पण त्यातली वाक्ये मी गुरुवारच्या खोलीत आधी बोललेली होती.

सोनाबाई नावाची एक वृद्ध बाई वरच्याच बाजूची होती. तिचा या निर्णयात फायदाच होता. ती म्हणाली, "साहेब, आमचा नंबर शेवटी येते म्हनून आमी वरचे पाटावर पहारा देतो, खालच्याचं लवकर भिजावं म्हनून. तुमी उलटं करान तं आपलं भिजल्यावर कोन पहारा देईन?"

मी म्हणालो, "मी आहे."

इवाई पाळीच्या उतारावर उभा होता. थट्टा करण्यासारखे पुष्कळ होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाला, "तुमी ठरवान थे. चालतो, साहेब."

त्याने मला साहेब म्हटले ते तेव्हा पहिल्यांदा. नऊ वाजता मी गेटचे चाक फिरवले.

पुढचे लवकर सांगता येते. पहिल्या दिवशी वरच्या बांध्या भरल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांची मुखे उघडीच होती; पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून नाल्यात गेले. मी सायकलने पाटावर फेऱ्या मारल्या. एक मुख बंद करून पुढे जावे तो मागचे उघडलेले असे. माणसे घरी होती. कोणालाच खालच्याची घाई नव्हती, कारण कोणाचाच नंबर खालच्यावर अवलंबून राहिला नव्हता. सोनाबाईने जे एका वाक्यात सांगितले, ते मी चार दिवस चिखलात फिरून शिकलो. पाचव्या दिवशी तलावाचा तळ भेगाळलेला दिसला. पाणी पाटाच्या निम्म्यावर येऊन थांबले होते. त्याच्या पुढे फूटभर ओली माती, त्यापुढे कोरडी, आणि दोन किलोमीटरांवर माझ्या मुलीचे शेत.

हस्ताचा पाऊस उशिरा आला, आणि चांगला आला. तो पोचट लोंब्यांवर पडला.

दिवाळीला इवाई रीतीप्रमाणे फराळाचा डबा घेऊन आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी संगणक चालू करून ठेवला होता. मागचा खेळ अर्धा होता. माझा डाव होऊन गेला होता.

"या, बसा. तुमचा डाव राहिला आहे."

"तुमीच खेळा आता दोघाचाबी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आले असते. "तुमाले जमते थे."

तो डबा ठेवून गेला. मी दोघांचाही डाव खेळलो. बरेच आठवडे दुपारी बसून. प्रथम त्याची शहरे त्याच्याच पद्धतीने चालवली, कोठारे भरली, जंगल राखले. मग कंटाळून माझ्या पद्धतीने चालवली. शेवटी सबंध नकाशा एका रंगाचा झाला. संगणकाने तुताऱ्या वाजवल्या. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला कोणी नव्हते. त्यानंतर मी तो खेळ खेळलेलो नाही.

पण त्या खेळाने शिकवलेली एक गोष्ट सुटत नाही. साम्राज्याच्या खेळात पराभव एका दिवसात होत नाही, आणि ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तर मुळीच होत नाही. राजधानी पडते तो केवळ समारंभ असतो. खरा डाव त्याच्या कितीतरी आधी हरलेला असतो, एखाद्या शांत शतकात, जेव्हा सीमेवर काहीच घडत नव्हते आणि आपण आत्मविश्वासाने कळ दाबली होती. कच्चा खेळाडू शेवटच्या लढाईला दोष देतो. प्रवीण खेळाडू मागे मागे जातो आणि नेमका तो डाव दाखवतो. माझ्यात हे कौशल्य पक्के आहे. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. डाव दाखवता येतो, इतकेच. त्यानंतरचे सर्व डाव खेळावे मात्र लागतात. निकाल ठरून गेलेला असतो आणि शंभर डाव शिल्लक असतात. रस्ते दुरुस्त करायचे, कोठारांवर नजर ठेवायची, दूत आले तर त्यांना उत्तर द्यायचे. माझी सात वर्षे अशी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात वनिता आणि जावई शेत ठेक्याने देऊन गोंदियाला कुडव्यात राहायला गेले. जावई मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतो. इवाईही त्यांच्याकडेच असतो. मी वर्षातून दोनदा जातो. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर दाराशी बसलेला असतो. मला पाहून उठतो. दुसऱ्या खुर्चीवरची धूळ पुसतो. "बसा साहेब. बरं हाय ना?" चहा लगेच येतो. पहिला घोट घेताना मी दर वेळी थोडा थांबतो, त्याने काहीतरी टोचून बोलावे म्हणून. तो रस्त्याकडे पाहत असतो. कुडव्याच्या त्या रस्त्यावर पाहण्यासारखे काही नाही. बाजूच्या रिकाम्या भूखंडात कोणी विटा रचून ठेवल्या आहेत. दोन घरांच्या मध्ये हातभर जागाही सोडलेली नाही.

"शेताकडे गेला होतात का?" मी एकदा विचारले.

"कायले जाऊ?" तो म्हणाला. एवढेच.

गावाने माझा अध्यक्षपदाचा राजीनामा स्वीकारला. पुढच्या वर्षी पाणी पुन्हा खालून वर सोडले. जणू एक वर्ष झालेच नव्हते. खालच्या टोल्यावर पहिले पाणी पोचले तेव्हा त्या शेतात ठेकेदाराची माणसे उभी होती.

त्या रविवारकडे परत जातो, कारण तो अजून पुरा सांगितलेला नाही.

दुपारी दोनच्या सुमारास वनिता आली. चार किलोमीटर चालत आली होती. पाटाच्या काठाने आली हे तिच्या पायांवरून कळत होते. चप्पल कोरडी होती, कडांना पांढरी धूळ. तिने आल्याबरोबर माझ्या स्वयंपाकघरातली रिकामी घागर पाहिली आणि हापशीवर जाऊन भरून आणली. मग खाली बसली.

"बाबा, धान पोटरीवर आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"आठ दिवस नाही थांबणार तो."

"हिशेब करून ठरवले आहे."

"हरिचंदभाऊ तसं बोलले नसते, तर काय ठरवलं असतं?"

"हेच."

ते खरे नव्हते. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. लहानपणी गणित चुकले की मी तिच्याकडे तसे पाहत असे.

"इथून तिथवर सगळ्यांचं मोजलं तुम्ही," ती म्हणाली. "आपली माणसं म्हणून आमचं तेवढं वजा केलं. बरं. आता एक सांगा. तुमच्या स्वतःच्या दोन बांध्या कुठं आहेत, बाबा?"

ती उठली. दाराशी पदर खोचून घेतला आणि आली होती त्याच वाटेने परत गेली.

आतापर्यंत मी हे लिहिले नाही. माझ्या दोन बांध्या पाटाच्या तोंडाशी आहेत, गेटपासून तिसरे मुख. सकाळी पाळीवर पंधरा-वीस माणसे होती, त्यांपैकी कोणीही हे बोलले नाही, कारण बोलणाऱ्यांची शेतेही तेथेच होती. इवायाला माहीत होते. तो बोलला नाही. आणि कागद वाचताना माझ्या स्वतःच्या हे ध्यानात आले नव्हते, असे मी कोणाला सांगितले तर ते कोणी का मानावे? मीही मानत नाही.

साडेपाचला फावडे घेऊन शेतावर गेलो. पाणी शिरलेले होते, घोट्याच्या वर. धान त्यात तृप्त उभा होता. मी पाटातला चिखल ओढला, त्यात धानाचे तणस मिसळले, माझ्या बांधीच्या मुखात एक सपाट दगड उभा करून त्याच्या दोन्ही अंगांना तो चिखल भरला आणि टाचेने दाबला. अडलेले पाणी क्षणभर फुगले आणि सरकून पुढच्या बांधीत, हरिचंदच्या, शिरू लागले. ते खालच्या टोल्याला जाणार नव्हते हे मला ठाऊक होते. खाली वाकून दगडाच्या बुडाशी हात घातला. एका कडेने बारीक धार अजून माझ्या बांधीत येत होती. तेथे आणखी दोन फावडी चिखल टाकला, धार थांबेपर्यंत दाबून धरले, आणि फावडे धुतले.